शाबूत सांधा

हौदाच्या चुन्यात गूळ सापडला तेव्हापासून प्रयोगशाळेत मला नाव पडलं, गूळवाली. नाव पाडलं अभयने. तो आणि मी एकाच वेळी इथे इंटर्न म्हणून लागलो. तो पुण्याचाच, सिव्हिल इंजिनिअर. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून वर्ध्याहून आलेली. धायरीत तीन मुलींबरोबर एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहते.

आमची प्रयोगशाळा जुन्या इमारतींसाठी काम करते. एखादी जुनी भिंत दुरुस्त करायची असेल तर तिच्यात मुळात काय घातलं होतं ते आम्ही शोधून देतो. चुना किती, वाळू कुठल्या प्रकारची, विटांची भुकटी आहे का, आणखी काही मिसळलं आहे का. मग गवंडी तसाच माल बनवून दुरुस्ती करतात. जुन्या दगडात सिमेंट भरलं तर ओल आत अडकते आणि काही वर्षांत दगडच सोलला जातो, म्हणून ही सगळी खटपट.

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागे एक बोळ आहे. बोळाच्या शेवटी पायऱ्या उतरून गेलं की दगडी हौद लागतो. पूर्वी त्यात नळाने पाणी येत असे. आता पावसाचं साचतं आणि बाकी वर्षभर तळाशी नुसती ओल राहते. दोनेक शतकांचा असावा. परिसरातल्या लोकांनी तो दुरुस्त करण्यासाठी समिती केली, देणगीदार मिळवला आणि काम आमच्याकडे आलं. दगडांमधल्या सांध्यातल्या चुन्याचे नमुने अभयने आणि मी काढले. तपासणी माझी.

चुन्यात गूळ घालायची पद्धत आपल्याकडे होती हे सगळेच सांगतात, पण पुराव्यानिशी दाखवता येणं दुर्मीळ. साखरेच्या चाचणीत माझ्या परीक्षानळीतलं पाणी संत्र्याच्या सालीसारखं केशरी झालं, म्हणजे साखर होती, आणि भरपूर होती. मी चाचणी पुन्हा केली. पुन्हा केशरी.

आमच्या प्रमुख मंदाकिनी मॅडम कुणाचं कौतुक करत नाहीत. फार खूश झाल्या तर "चुकीचं नाही" म्हणतात. त्या दिवशी नळी उजेडात धरून त्या म्हणाल्या, "चुकीचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी मला खोलीत बोलावून सांगितलं की हौदाच्या कामासाठी संशोधन सहायकाची एक जागा मंजूर होते आहे, पक्की, निदान पुढची तीन वर्षं, आणि समितीने अहवाल स्वीकारला की ती माझी.

मला ती जागा किती हवी होती हे सांगायला हवं. ह्या क्षेत्रात इंटर्नशिप पुष्कळ मिळतात. प्रमाणपत्र मिळतं, अनुभव मिळतो, चहा मिळतो. नोकरी मिळत नाही. माझ्या आधी इथे काम केलेल्यांपैकी एक जण बँकेत आहे, एक जण लग्नाचे फोटो काढतो. माझा मावसभाऊ विश्वजीत हिंजवडीत आहे. त्याने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. औषधांच्या चाचण्यांची माहिती संगणकावर पडताळायचं काम. मुलाखत झाली होती, पत्र आलं होतं आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी नाही कळवायचं ठरवून ठेवलं होतं. फक्त अहवाल स्वीकारला जायची वाट पाहत होते. शनिवारी समितीची सभा होती.

बुधवारी मी अहवालासाठी वाळूचे फोटो काढत बसले. चुन्याचा तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो, वाळू आणि विटांची भुकटी तळाशी उरते. ती गाळणकागदावर वाळवायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि फोटो काढायचा. अगदी साधं, कंटाळवाणं काम. तिसऱ्या फोटोत काळ्या आणि तांबड्या कणांमध्ये एक निळा धागा होता.

धागा प्रयोगशाळेत कुठूनही पडू शकतो. मी माझा कुर्ता तपासला. तो पिवळा होता. टेबल पुसायचं फडकं पांढरं. मग चिमट्याने धागा उचलून काचेवर ठेवला आणि गरम सुई जवळ नेली. तो जळला नाही. आक्रसला आणि टोकाशी त्याचा थेंब झाला. सुती किंवा तागाचा धागा असा वितळत नाही. हे प्लास्टिक होतं.

तरीही तो बाहेरून आलेला असू शकत होता. मूळ तुकड्याचा थोडा भाग डबीत शिल्लक होता. मी तो धुतला, वाळवला आणि मधोमध फोडला, म्हणजे आतली बाजू पहिल्यांदाच उजेडात आली. बराच वेळ काही दिसलं नाही. मग दिसलं. दुसरा निळा धागा, अर्धा चुन्याच्या बाहेर, अर्धा आत रुतलेला. चुना ओला असतानाच तो त्यात गेला होता.

निळा प्लास्टिकचा धागा म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? ताडपत्री. पेठेतल्या बोळात माल कालवायचा तर रस्ता खराब करून चालत नाही. गवंडी ताडपत्री अंथरतो, तिच्यावर चुना आणि वाळू ओततो आणि फावड्याने ओढतो. फावड्याच्या पात्याला ताडपत्रीचे धागे लागतात.

अभय जिन्यात चहा पीत उभा होता. मी त्याला सांगितलं.

"तुझ्या ओढणीचा असेल," तो म्हणाला.

"मी ओढणी घेत नाही."

"मग माझ्या सॅकचा."

"तुझी सॅक काळी आहे. आणि ती दगडाच्या सांध्यात कशी शिरेल?"

त्याने वर येऊन सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पाहताना तो गप्प होता, म्हणजे त्याला पटलं होतं. पटलं नसतं तर तो बोलत राहिला असता.

"दुरुस्ती," तो शेवटी म्हणाला. "कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय."

"आणि कुणीतरी म्हणजे आपल्यासारखंच कुणीतरी. जुन्या पद्धतीने करायचं म्हणून मुद्दाम गूळ घालणारं. साध्या गवंड्याने सिमेंट भरलं असतं."

"मग चांगलंच केलं की त्यांनी. इतकं चांगलं की मॅडमनाही कळलं नाही." त्याने खुर्ची मागे सरकवली. "आतापर्यंत कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"बरं. मग ती वाळू परत डबीत भर. शनिवारी सभा होऊ दे, पोस्ट हातात येऊ दे. सहा महिन्यांनी 'अधिक संशोधनाअंती असे आढळले' असं लिही. मोठमोठी माणसं तसंच करतात."

"सहा महिन्यांत सगळा हौद गुळाच्या चुन्याने भरलेला असेल."

"मग मुंग्यांना पोस्ट मिळेल."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तो वाईट सांगत नव्हता. माझी जागा गेली तर त्याला त्यात काही मिळणार नव्हतं. त्याला मी इथे राहायला हवी होते, इतकंच. आणि मलाही तेच हवं होतं, म्हणून त्याचं ऐकत मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

दुपारी मी एकटीच हौदावर गेले. बोळात टीव्हीची खोकी रचून ठेवली होती. ती ओलांडून पायऱ्या उतरले. आम्ही नमुना काढलेला सांधा तिसऱ्या पायरीच्या उजव्या हाताला आहे. त्याच्याकडे पाहिलं आणि मग बाकीच्या भिंतीकडे पाहिलं. बाकीचे सांधे पाण्याने खाल्लेले, काही ठिकाणी बोट आत जाईल इतके. हा एकच भरलेला, सारखा, कडा धरून असलेला.

आम्हाला शिकवलेलं असतं की नमुना जिथे चुना शाबूत आहे तिथून घ्यावा. झिजलेल्या ठिकाणी बाहेरची माती, शेवाळ, क्षार मिसळलेले असतात, तपासणी बिघडते. नियम बरोबर आहे. त्या नियमाने आम्ही सगळ्या हौदातला सर्वांत चांगला सांधा निवडला होता. तो चांगला का राहिला असेल, हे आम्ही विचारलं नाही. तो चांगला होता कारण तो नवा होता. आणि ज्या हौदात इतकी वर्षं पाणी उभं होतं त्याच्या चुन्यात साखर न विरघळता कशी राहिली, हाही प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. उत्तर सगळ्यांच्या फार आवडीचं होतं.

वर येताना शेवटच्या दुकानाच्या मालकांना विचारलं, "काका, हौदाची कधी दुरुस्ती झाली होती का हो?"

"दुरुस्ती?" ते मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले. "माझ्या हयातीत तिथे कुणी केर काढलेला नाही. तुम्हीच पहिल्या. तुम्हीही काही काढत नाही म्हणा, दगड खरवडून घेऊन जाता."

म्हणजे सांगणारं कुणीच नव्हतं. ज्याने ते काम केलं त्याने नाव ठेवलं नव्हतं, खूण ठेवली नव्हती. हाताने मात्र चोख केलं होतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला आणि त्याच वेळी त्याच्याशी भांडावंसंही वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर नवं आणि जुनं वेगळं ओळखता यायला हवं, हा ह्या कामातला पहिला धडा. नाही तर आपली चांगली दुरुस्ती पुढच्या माणसाला खोटं सांगत राहते.

संध्याकाळ व्हायच्या आत मी मॅडमच्या खोलीत गेले. काच आणि तुकडा दोन्ही सोबत नेलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"एका धाग्यावर मी अहवाल बदलणार नाही," त्या म्हणाल्या.

"दोन आहेत, मॅडम."

"गणित पक्कं आहे तुझं." त्यांनी चष्मा परत घातला. "अगं, धागा एवढंच सांगतो की हा सांधा नवा आहे. मूळ चुन्यात गूळ नव्हता असं तो सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी जुन्यात गूळ पाहूनच नव्यात घातला असेल. तसं नसेलच, हे तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग माहीत करून घे. उद्या जा. जिथे कुणाचा हात पोचला नसेल तिथला नमुना आण. अभयला घेऊन जा, त्याला भिंती फोडायला आवडतं."

मी दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "सभा शनिवारी आहे, हे लक्षात आहे ना तुझ्या?"

"हो."

"आणि जागा त्या सभेवर आहे, हेही."

"हो मॅडम."

"ठीक. मला वाटलं, रसायनाच्या नादात विसरलीस की काय."

दुसऱ्या दिवशी आम्ही हौदाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात गेलो. तिथे एक दगड पुढे कलला होता आणि त्याच्या मागची भिंत मोकळी झाली होती. अभयने दगडाला खालून टेकू दिला आणि लांब छिन्नीने आतला चुना काढला, हातभर खोलीवरून. तो राखाडी, घट्ट, बारीक शंखांचे तुकडे असलेला होता. आमच्या शाबूत सांध्यात शंख नव्हते. तो नमुना काढतानाच अभय म्हणाला, "हा वेगळाच आहे गं." त्यानंतर तो विनोद करायचा थांबला.

ह्या नमुन्यात आम्ही साखर शोधली. नळीतलं पाणी स्वच्छ राहिलं. पण आत खोलवरही पाणी पोचलं असेल, साखर धुऊन गेली असेल, ही शंका राहतेच. म्हणून आणखी दोन खोल जागा, आणि पायरीजवळच्या त्याच भरलेल्या सांध्याची दुसरी बाजू, असं सगळं तपासलं. खोल जागांच्या चुन्यात शंख, साखर नाही. पायरीजवळच्या चुन्यात साखर, निळा धागा, शंख नाहीत. शुक्रवारी दुपारी मॅडमनी टेबलावर मांडलेले फोटो पाहिले.

"मूळ चुन्यात गूळ नव्हता असं म्हणता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. गूळ असल्याचा पुरावा नाही, इतकंच म्हणता येईल. जो पुरावा होता तो दुरुस्तीचा आहे."

"तेवढंच म्हण. त्याच्यापुढे एक शब्द नको. उद्या सभेत तू सांगायचंस."

"मी?"

"गूळ तू आणलास, परतही तूच ने."

समितीची सभा एका शाळेच्या वर्गात होती. सगळे बाकांवर बसले होते, अध्यक्ष श्रीनिवासराव मास्तरांच्या खुर्चीत. ते निवृत्त अधिकारी, भला माणूस. गुळाची बातमी त्यांनी घरोघरी पोचवली होती. इतकंच नाही, दुरुस्ती सुरू होईल त्या दिवशी परिसरातल्या प्रत्येक घराने हौदासाठी मूठभर गूळ आणून द्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. सभा सुरू व्हायच्या आधी ते मला म्हणाले होते, "लोकांना कधीच कळलं नाही की हा हौद त्यांचा आहे. आता गूळ घेऊन येतील तेव्हा कळेल बघा."

मी उभी राहिले आणि फोटो दाखवले. धागा, त्याचा वितळलेला थेंब, शंख. मला वाटलं होतं तितकं ते कठीण नव्हतं. बोलायला लागल्यावर माझा आवाज नेहमीसारखा झाला, कारण प्रत्येक वाक्याला माझ्याकडे काहीतरी दाखवायला होतं.

बोलणं संपल्यावर मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आत्तापर्यंत जे सांगत होतात ते चुकीचं."

"हो," मी म्हणाले.

"आणि आजचं बरोबर कशावरून?"

"ते उद्या कुणी तपासलं तर कळेल. आम्ही कुठून नमुने घेतले ते सगळं दाखवून ठेवलंय."

श्रीनिवासराव फोटोंकडे पाहत होते. "बाई," ते सावकाश म्हणाले, "तुमचा गूळ फार गोड होता हो."

मग मॅडम बोलल्या. "अहो, गूळ लोकांकडून जरूर मागवा. काम करणाऱ्या गवंड्यांना चहाबरोबर द्या. भिंतीत मात्र आपण तेच भरू जे भिंतीत होतं. ते काय होतं ते सांगायला आम्हाला वेळ लागेल."

वेळ लागेल, ह्या शब्दांवर सभेचा उरलेला भाग गेला. सगळ्या हौदाची नव्याने तपासणी झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असं ठरलं. देणगीदाराचा पहिला हप्ता काम सुरू झाल्यावर येणार होता. जागा त्या हप्त्यावर होती.

बाहेर पडताना मॅडमनीच विषय काढला. "जागा पुढे गेली. दिवाळीनंतर, कदाचित. कदाचित हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तुला दुसरीकडे बोलावणं आहे असं अभय म्हणत होता."

"हिंजवडीत. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"चांगली कंपनी आहे?"

"हो."

त्या शाळेच्या फाटकाशी रिक्षाची वाट पाहत थांबल्या. "मी तुला थांब म्हणणार नाही. तसं म्हणायचं असेल तर माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं. पण आज तू जे केलंस ते चुकीचं नाही." रिक्षा आली आणि त्या गेल्या.

रविवारी सकाळी बाबांना फोन केला. बाबा पोस्टातून निवृत्त झाले. अहवालाचं काय झालं, हे विचारायला ते कालपासून थांबले होते हे त्यांच्या आवाजावरून कळलं. मी सगळं सांगितलं. धाग्याचं सांगायला वेळ लागला.

"तुले कोणी विचारलं होतं का, का बाई धागा आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही बाबा."

"मंग?"

"दिसला."

"हं." फोनमधून त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आता विश्वजीतले काय सांगतं?"

मी रात्रभर ह्याचंच उत्तर जुळवत होते. दोन बाजूंच्या गोष्टी मांडून पाहिल्या होत्या आणि हिंजवडीची बाजू दर वेळी जड झाली होती. पण शुक्रवारी त्या तीन नळ्या ओळीने स्वच्छ राहिल्या तेव्हा, माझी जागा गेली हे मला कळत होतं आणि तरी चौथी नळी पाहायची मला घाई झाली होती. हे मी कुठल्या बाजूला मांडणार?

"दिवाळीपर्यंत थांबते," मी म्हणाले. "सकाळी तपासणी, संध्याकाळी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवीन. धायरीत क्लासवाले विचारत होते."

"आन दिवाळीनंतर नाही झालं तं?"

"तर मग माहीत नाही."

"हे बरं आहे," बाबा म्हणाले. "माहीत नाही तं माहीत नाही म्हणाव." आणि जरा थांबून, "तुया आईले मी सांगतो. तू नोको सांगू. तुयाशी ते भांडन, माह्याशी नुसता अबोला धरन."

सोमवारी कंपनीला नकार कळवून मी हौदावर गेले. ह्या वेळी सांधा आम्ही निवडायचा नाही असं ठरवलं होतं. अभयने सगळ्या भिंतीवर खडूने चौकोन आखले, प्रत्येकाला आकडा दिला आणि तेवढ्या चिठ्ठ्या करून त्याच्या टोपीत टाकल्या. जो आकडा निघेल तिथून नमुना, मग तो सांधा कसाही असो.

पहिली चिठ्ठी मी काढली. तो चौकोन तळाजवळ होता, शेवाळाने हिरवा, सांध्यात चुना कमी आणि चिखल जास्त.

"ह्यात काय मिळणार आहे?" अभय म्हणाला. "दुसरी काढ. कुणी बघत नाहीये."

मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली, चपला काढून पायरीवर ठेवल्या आणि छिन्नी घेऊन ओलीत उतरले.